डाव्या कानाला दोन खाचा

राणीसावरगाव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. निकितास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या कंपनीत मोबाईल गेटवरच काढून घेतात, आणि तू सुटतेस तेव्हा मी शेळ्यांत असते. शिवाय काम तीन वह्यांचं आहे. फोनवर सांगितलेलं निम्मं तू विसरशील, निम्मं मी. माझी बोटं आखडली आहेत, म्हणून मी सांगते आणि राजेश्री लिहिते. सुनेचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी तिच्या तोंडावर कबूल केलं आहे.

परभणीच्या एका संस्थेचा भुजंग नावाचा माणूस आला होता. सोनपेठला गीताबाई म्हणून एक बाई आहे, तिच्या गटातल्या बायांना माझ्याकडच्या बारा शेळ्या द्यायच्या आहेत. बोकड ते दुसरीकडून घेणार, कारण एकाच घरचं रक्त नको. हे त्याचं बरोबर आहे, मीही आयुष्यभर तेच पाळलं. बापाखाली लेक गेली की करडं मरतुकडी होतात. तर त्याला प्रत्येक शेळीची आई कोण, बाप कोण, हे सगळं कम्प्युटरवर पाहिजे. मी म्हटलं, माझी भाची हेच काम करते.

सोबत तिन्ही वह्या एसटीच्या पार्सलनं पाठवते. नऊ वर्षांचं सगळं त्यात आहे. जपून वापर.

आणखी एक. परमेश्वरचं टुमणं सुरूच आहे, "आई, तुला झेपंना तर इकून टाकू शेळ्या." मी त्याला सांगितलं आहे, ज्या दिवशी मला माझी शेळी ओळखू येणार नाही त्या दिवशी खुशाल वीक. तोपर्यंत दावणीला हात लावायचा नाही. म्हणून हे काम नीट होऊ दे. म्हाळसाबाईच्या घरचं जनावर म्हटलं की सोनपेठपर्यंत कुणी दात मोजत नाही, ते नाव राहिलं पाहिजे.

तुझी आत्या,
म्हाळसाबाई


छत्रपती संभाजीनगर,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार. वह्या मिळाल्या. एकीला शेळीच्या दुधाचा वास आहे, त्यामुळे माझ्या रूममेटने ती गॅलरीत ठेवायला लावली. मी परत आत आणली.

काम कसं चाललं आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला तपासता येईल. मी एक मोठा तक्ता केला आहे. एक ओळ म्हणजे एक जनावर. तुमच्या दावणीत एका खुंट्याला एकच शेळी बांधता, तसंच. प्रत्येक ओळीला एक नंबर, आणि तो नंबर शेळी मेली तरी दुसरीला द्यायचा नाही. नावावर विसंबता येत नाही, कारण तुमच्याकडे 'काळी' चार आहेत. आईच्या रकान्यात आईचं नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा. म्हणजे कुणी विचारलं की एका क्षणात आजी, पणजी, सगळं खानदान समोर येतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: जे माहीत नाही ते रिकामं सोडायचं. 'माहीत नाही' आणि 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या स्टोअरमध्ये हाच घोळ होता. एकच बोल्ट तीन नावांनी लिहिलेला, म्हणून आम्ही तो तीनदा मागवत होतो. मी तो घोळ पकडला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. तुमच्या भाचीचं इथे जरा वजन आहे, आत्या.

तुमच्याबद्दल एक नवी गोष्ट कळली. तुम्हाला चित्रकलेचा नाद आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक नावापुढे समासात आंब्याची दोन दोन पानं, आणि काही तर किडीने खाल्लेलीसुद्धा. शेळ्या राखता राखता वेळ जात नसेल तर रंगपेटी पाठवू का? तक्त्यात चित्रांना जागा नाही, त्यामुळे ती सोडून दिली आहेत.

आता प्रश्न. शेरू बोकडाचं नाव दुसऱ्या वहीनंतर कुठेच नाही. मेला, विकला, की हरवला?

तुमची,
निकिता


राणीसावरगाव,
१४ मार्च २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

तुझं पत्र राजेश्रीनं वाचून दाखवलं, मी तेव्हा चाऱ्यात होते. एका खुंट्याला एक जनावर, हे पटलं. मेलेल्या शेळीचा नंबर दुसरीला द्यायचा नाही, हे तर फारच पटलं. माणसांत आपण आजीचं नाव नातीला देतो आणि मग हाक मारली की दोघी येतात.

शेरू मेला नाही. तो माझ्या दावणीचा आजवरचा सगळ्यात देखणा बोकड. त्याच्या मुली वयात आल्या, म्हणून दोन वर्षांपूर्वी सोनपेठच्या बाजारात नेऊन विकला. आपल्याच लेकींत त्याला ठेवता येत नव्हता. कुणी नेला ते माहीत नाही, गर्दी होती. विकल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही हे यादीत लिहायची गरज नाही.

बाकी तुझं कौतुक ऐकून बरं वाटलं. बारशाला तुझं नाव मीच ठेवलं होतं, तेव्हा त्या कौतुकात थोडा वाटा माझा.

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
६ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
यादी पूर्ण झाली. आज दावणीला असलेली जनावरं आणि त्यांचे आई-बाप, मिळून त्रेसष्ट ओळी. छापून सोबत पाठवली आहे. शेवटच्या पानावर भुजंगरावांनी पाठवलेली एक जादा ओळ आहे. सोनपेठच्या गटासाठी त्यांनी पिंगळीच्या आश्रुबा नावाच्या माणसाचा बादशा बोकड ठरवला आहे. त्यांच्या कागदावर त्याचे आई-बाप नव्हते, फक्त वय आणि अंगावरची खूण होती. ती मी आहे तशी उतरवली आहे.

शेवटच्या रकान्याला 'तपासलं कुणी' असं नाव दिलं आहे. तुम्ही एकेक ओळ बघा, जिथे चूक असेल तिथे खूण करा. सगळं बरोबर असेल तर मला कळवा, म्हणजे मी प्रत्येक ओळीपुढे तुमचं नाव घालेन. घाई नाही, पण भुजंगराव रोज विचारतात.

तुमची,
निकिता


राणीसावरगाव,
२५ एप्रिल २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

यादी पाहिली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तपासली. एकही चूक नाही. माझं नाव खुशाल घाल आणि पाठवून दे.

परमेश्वरलाही दाखवली. तो बराच वेळ बघत होता. म्हणाला, "तुझ्या शेळ्यायची यादी आपल्या खानदानाच्या यादीपेक्षा लय मोठी हाय." आता महिनाभर तरी तो विकायचं नाव काढणार नाही.

शेळ्या मे महिन्यात जातील. मी त्या दिवशी घरी नसेन, परभणीला एका लग्नाला जायचं आहे. राजेश्री टेम्पोत घालून देईल.

आत्या


राणीसावरगाव,
११ ऑगस्ट २०२५

निकितास,

परवा सोनपेठला गेले होते. गीताबाईनं बोलावलं होतं, शेळ्या बघायला. बाया चांगल्या आहेत, गोठा स्वच्छ आहे, माझ्या बाराही जणी अंगानं भरल्या आहेत. चहा झाला. मग गीताबाई म्हणाली, "मावशी, आमचा बादशा बघा की. पिंगळीचा हाय. लय गुणाचा."

मी त्याच्या जवळ गेले, शिंग धरलं आणि डाव्या कानावरून हात फिरवला. दोन खाचा. एक टोकाशी, एक मुळाशी. उजवा कान धरला तर त्यात संस्थेचा पिवळा बिल्ला. बिल्ल्याच्या मागं बोट घातलं तर भोकाची कड जुनी, टणक झालेली. त्या माणसांना कानात आयतं भोक मिळालं, त्यातच बिल्ला ठोकून दिला. ते भोक मी पाडलेलं आहे, निकिता. त्या खाचा मी पाडलेल्या आहेत. मी हळूच "शेरू" म्हटलं. त्यानं लगेच मान वळवली आणि माझ्या पदराला तोंड लावलं.

भुजंगला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "मावशी, कागदावर तर बाहेरचा लिव्हलाय." मी म्हटलं, कागदाला शिंगं हायत का? याला हायत, हात लावून बघ. मग त्यानं आश्रुबाला फोन लावला. आश्रुबानं कबूल केलं, बोकड सोनपेठच्या बाजारातून घेतला आणि नाव त्यानंच ठेवलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. जनावराचं घर बदललं की नाव बदलायचं, ही आपल्याकडची रीत. नाहीतर जुन्या नावानं कुणी हाक मारली की ते जुन्या घराकडं पळतं.

बारांपैकी सात जणी शेरूच्या लेकी आहेत. त्यातल्या पाच त्याच्यापासून गाभण आहेत. दोन वाचल्या. शेरूला मी त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी आणला, भुजंगला दुसरा बोकड बघायला लावला. पण पाच जणींचं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. ज्याच्यासाठी त्याला विकला, तेच पुन्हा घडलं, आणि तेही माझ्या नावानं.

मला एवढंच कळव. माझ्या वहीत शेरूच्या नावापुढं त्याचे दोन्ही कान काढलेले आहेत. प्रत्येक जनावराचे काढलेले आहेत. दोन जनावरांचे कान कधी सारखे नसतात, म्हणून तर काढते. मग तुझ्या यादीत कान कुठं आहेत?

म्हाळसाबाई


छत्रपती संभाजीनगर,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुमचं पत्र वाचून मी वह्या काढल्या आणि दुसऱ्या वहीतलं शेरूचं पान उघडलं. डावं पान दोन ठिकाणी कुरतडलेलं. उजव्या पानात एक गोल. मी त्याला किडीने खाल्लेलं आंब्याचं पान म्हणाले होते. मग यादीचं शेवटचं पान काढलं. बादशा, वय सहा वर्षं, खूण: डाव्या कानाला दोन खाचा, उजव्या कानाला भोक. हे मी माझ्या हाताने टाइप केलं आहे. दोन्ही कागद एकाच टेबलावर होते, आत्या.

तुम्हाला वाटलं असेल की कान न बघता शेळी कोण लिहील. मी लिहिली. तुमच्याकडे प्रत्येक जनावराला स्वतःचा नंबर आधीपासून होता, कधीच दुसऱ्याला न दिलेला. तो मी टाकून दिला आणि वर तुम्हाला नंबर म्हणजे काय ते शिकवलं.

याहून वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. बादशाचे आई-बाप कुणाला माहीत नव्हते. माझ्याच नियमाने ती जागा रिकामी सोडायला हवी होती. पण भुजंगराव म्हणाले, रिकामी जागा दिसली तर वरचे लोक यादी परत पाठवतात. म्हणून मी तिथे 'बाहेरचा, नातं नाही' असं लिहिलं. माहीत नसलेल्याचं 'नाही' केलं. रिकामं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. मी लिहिल्यामुळे कुणी विचारलं नाही.

मी बोल्ट पकडला आणि बोकड सोडला. मला फार लाज वाटते आहे. भुजंगरावांना मी आजच लिहून कळवलं आहे की ती ओळ माझी चूक आहे, तुमची नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र बंद करू नका.

तुमची,
निकिता


राणीसावरगाव,
२७ ऑगस्ट २०२५

प्रिय निकिताताई,

हे पत्र माझं आहे, आत्याबाईंनी सांगितलेलं नाही. त्या शेळ्यांत गेल्या आहेत तेवढ्यात लिहिते.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. पानांचं आलं तेव्हा मला माझी चूक कळली. फेब्रुवारीच्या पत्रात तुम्ही ते गमतीनं लिहिलं होतं, रंगपेटी पाठवू का म्हणून. ते मी वाचलंच नाही. तुम्ही भाची, तुम्हाला चालतं, पण सासूची चेष्टा सुनेच्या तोंडून बरी दिसत नाही, म्हणून मी तेवढ्या ओळी गाळल्या. ते कान आहेत हे मला माहीत होतं, तरी माझं लक्ष चेष्टेकडंच गेलं. वाचल्या असत्या तर त्या तिथंच म्हणाल्या असत्या की अगं, ते कान आहेत. म्हणजे चूक तुमच्या एकटीची नाही.

दुसरं सांगू की नको असं चार महिने चाललं होतं. आत्याबाईंना दिसत नाही. बोटं आखडलेली नाहीत, डोळे गेले आहेत. लग्न म्हणून परभणीला गेल्या त्या डोळे दाखवायला गेल्या होत्या, पिशवीत डॉक्टरची चिठ्ठी सापडली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एप्रिलमध्ये तुमची यादी आली तेव्हा त्या ओसरीवर बसून तासभर एकेका ओळीवरून बोट फिरवत होत्या. मी चहा द्यायला गेले तर यादी उलटी धरली होती.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी शेळ्या विकल्या असत्या, आणि मग आत्याबाई जगल्या नसत्या. तुम्हीच सांगा मी काय करायला हवं होतं.

तुमची,
राजेश्री


राणीसावरगाव,
१६ सप्टेंबर २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

पत्र बंद करायची भाषा पुन्हा करू नकोस. तू कबुली दिलीस, आता माझी ऐक.

एप्रिलमध्ये मी यादी तपासलीच नाही. मला ती दिसली नाही. कागद पांढरा आहे एवढं कळलं. शेवटच्या पानावर त्या बोकडाचे कान लिहिलेले होते, हे तुझ्या पत्रातून कळलं. मला दिसलं असतं, नाहीतर राजेश्रीला वाचायला सांगितलं असतं, तर तो शेरू आहे हे मी तिथंच सांगितलं असतं. पण वाचायला सांगितलं असतं तर दिसत नाही हे कबूल करावं लागलं असतं. मी दावण वाचवायला खोटं बोलले, आणि ते खोटं दावणीलाच लागलं.

हे सगळं मी राजेश्रीला सांगते आहे आणि तिचा पेन एकदाही थांबला नाही. म्हणजे तिला आधीच माहीत होतं. दोघी एकाच घरात एकमेकींपासून तेच लपवत बसलो होतो.

काल परमेश्वरलाही सांगितलं. तो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं आला आणि म्हणाला, "मग आतापतुर शेळ्या वळखायलीस कशी?" मी म्हटलं, कानानं. त्याला वाटलं मी आवाज ऐकून ओळखते. त्याचा हात धरून गोठ्यात नेलं आणि त्याची बोटं एका शेळीच्या कानावर ठेवली. पन्नाशीला आलेला पोरगा, आणि घरच्या शेळीचे कान त्यानं पहिल्यांदा चाचपले.

विकायचं की नाही ते तो अजून सांगत नाही. मी विचारत नाही.

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

डोळ्यांबद्दल मला आधी सांगायला हवं होतंत, याचा राग आला आणि रडूही आलं. आता कामाचं बोलू.

तक्ता नव्याने केला आहे. नावाच्या आधी आता दोन रकाने आहेत, डावा कान आणि उजवा कान. तुमच्या वह्यांतल्या त्रेसष्ट जोड्या मी भिंग घेऊन बसून शब्दांत उतरवल्या: टोकाशी एक, मधे दोन, मुळाशी भोक. नावासाठी एकाऐवजी हवी तितकी नावं लिहिता येतील अशी जागा केली आहे. शेरू आणि बादशा या दोन ओळी मोडून एक केली. तिचा नंबर सतरा.

'तपासलं कुणी' या रकान्यातलं तुमचं नाव मी अजून काढलेलं नाही, कारण ते मी ठरवणं बरोबर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम डोळ्यांचं नव्हतंच. परमेश्वरदादा एकेक जनावर तुमच्यापुढे आणतील, तुम्ही कान बघून, म्हणजे हात लावून, सांगायचं, आणि राजेश्रीवहिनी यादीशी ताडून बघतील. डोळ्यांचं ऑपरेशन करायचंच, पण त्याआधी हे झालं तर बरं. नंतर दिसायला लागलं की तुम्ही आळशी व्हाल.

तुमची,
निकिता


राणीसावरगाव,
२२ जानेवारी २०२६

चि. निकितास आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे. ओळी वाकड्या जातात ते हाताची सवय मोडली म्हणून. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, डाव्याचं संक्रांतीनंतर. पहिल्यांदा पट्टी काढली तेव्हा समोर राजेश्री होती. तिच्या कपाळालगत पांढरे केस आलेले मला माहीत नव्हते.

आता सगळं क्रमानं सांगते. ऑक्टोबरात आम्ही तुझ्या सांगण्याप्रमाणं केलं. परमेश्वर एकेक शेळी आणायचा, मी कान धरून सांगायची, राजेश्री यादीत बघायची. अकराव्या वेळेला त्यानं मुद्दाम तिसऱ्या वेळेची शेळीच पुन्हा आणली. मी म्हटलं, हिला पाणी पाज, दोनदा हेलपाटा झाला तिचा. तो हसला नाही. पुढची शेळी आणताना तिचं दावं त्यानं मऊ धरलं होतं, एवढं मला कळलं. त्यानंतर त्यानं विकायचं नाव काढलेलं नाही, आणि आता करडांच्या कानाला खाचा तोच पाडतो. पहिली वाकडी पडली. तीही तशीच यादीत लिहिली आहे.

सोनपेठला मी नोव्हेंबरात पंधरा दिवस राहिले. तेव्हाही दिसत नव्हतं, पण वेताला हातच लागतात. शेरूच्या पाच लेकींना आठ करडं झाली. तीन गेली. एकाचा मागचा पाय वाकडा आहे, ते गीताबाईनं स्वतःच्या घरी ठेवलं. चार जगली, पण अंगानं बारीक आहेत. ज्या तीन बायांची करडं गेली त्यांना मी माझ्या दावणीची तीन दिली, माद्या, आई-बाप दोन्ही बाजूंनी हातानं तपासलेल्या. भुजंग म्हणाला याची गरज नाही, कागदावर तुमची चूक दिसत नाही. मी त्याला म्हटलं, कागदावर माझं नाव त्रेसष्ट वेळा आहे.

त्या बाया मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निघताना गीताबाईनं विचारलं, "मावशी, पुढच्या टायमाला आमाला बी कान शिकवशाल का?" मग एक दिवस आणखी राहिले.

यादी काल पहिल्यांदा डोळ्यांनी वाचली, सुलटी धरून. तू मेहनत केली आहेस. आता तुला एक काम. त्रेसष्ट ओळींपुढचं माझं नाव खोडून टाक, सगळंच. मग जी जनावरं मी हातानं बघितली त्यांच्यापुढं ते परत लिही. घरची एकोणतीस आणि सोनपेठच्या बारा, एकेचाळीस झाली. उरलेली बावीस मेलेली आहेत नाहीतर विकलेली, ती मी तपासलेली नाहीत. मला ती आठवतात, पण आठवणं वेगळं. त्यांच्यापुढं काही लिहू नकोस. आयुष्यात मी कधी वहीत जागा रिकामी सोडली नव्हती, आता सोडते आहे.

पण त्या बाविसांतला एक माझ्या समोर उभा आहे. वेगळ्या खुंट्याला बांधलाय, म्हातारा झालाय, नुसता खातो. सतरा नंबर. आज सकाळी उन्हात त्याच्याजवळ गेले आणि कान धरायच्या आधी नुसती बघत राहिले. नाकावर पांढरं आलंय. डाव्या कानाला दोन खाचा आहेत, मी पाडल्या होत्या तशाच. मग हातही लावला.

त्याच्या ओळीपुढं माझं नाव लिही.

तुझी आत्या,
म्हाळसाबाई